मागच्या पंगतीचं वय

वजनकाट्यावर चढायचं म्हटलं की जयश्री ढवळे यांना आधी राग यायचा आणि मग पाय उचलायचा. काट्याचा दोष नव्हता. दोष त्याच्याभोवती उभं राहून आकडा वाचणाऱ्यांचा होता. गुडघे दुखतात म्हणून गेलं तर "आजी, खाणं कमी करा." जिना चढताना दम लागतो, "खाणं कमी करा." एकदा तर डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासणी संपता संपता तोच मंत्र म्हटला, तेव्हा जयश्रीबाईंचा ताबा सुटला. "मोतीबिंदू काय वड्यानं हुतोय व्हय?" असं विचारून त्या तरातरा बाहेर पडणार होत्या. पण खुर्चीतून उठायलाच इतका वेळ लागला की डॉक्टरनं तेवढ्यात पुढच्या पेशंटला आत बोलावून घेतलं.

खरं दुखणं ते होतं. एकाहत्तर वर्षांचं शरीर दांडगं, पण त्यात जोर म्हणून नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना. देवळात खाली बसलं की उठवायला दोन बायका लागत, म्हणून देऊळ सुटलं. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीच्या लिफ्टवर 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी इतकी जुनी झालेली की आता पाटीच दुरुस्तीला आली होती. म्हणून बाजार सुटला, मैत्रिणी सुटल्या. हे कुणाला सांगावं तर समोरचा आधी पोटाकडे बघायचा आणि मग तोंडाकडे.

घरात वेगळं काही नव्हतं. नवरा अशोकराव पंचाहत्तरीचे, मागाच्या धोट्यासारखे सडसडीत. जन्मभर इचलकरंजीतल्या कारखान्यांत माग दुरुस्त करणारे जॉबर म्हणून राबलेले. ते मुलाला सांगायचे, "तुझ्या आईचा तोंडावर ताबा न्हाई रे." मुलगा सूरज नव्या कारखान्यात होता. तिथले माग आपले आपणच चालत आणि सूरजनं फक्त पडद्याकडे बघत बसायचं. तो मान हलवायचा. सून स्नेहल काही बोलायची नाही, पण चहात साखर घालताना चमचा अर्धाच भरायची. त्या अर्ध्या चमच्याचा जयश्रीबाईंना जास्त राग यायचा.

त्यांना कुणी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "मी खाते तरी काय?" आणि ते अगदी खरं होतं. सकाळी चहा आणि खारी. मध्येच परत चहा. दुपारी आणि रात्री सगळ्यांची जेवणं उरकली की भांड्याच्या बुडाला चिकटलेला भात, उरलेल्या पोळ्या, आमटीचं वरचं पाणी, आणि काल कुणी खाल्ली नाही ती भाजी. अंडं नातीला, ओवीला. उसळ बाप-लेकाला. बाई मागून जेवते आणि उरलेलं टाकत नाही, हे त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं नव्हतं. ते शिकवावं लागतच नाही. त्यात गेली काही वर्षं पावसानं कडधान्याची अशी काही वाट लावली होती की तूरडाळ सणासुदीची चीज झाली होती. स्वस्त राहिलं होतं ते पीठ, तांदूळ, साखर आणि तेल. पोट भरायला तेवढं पुरतं. किंबहुना त्याच्यापलीकडे ते काही करतच नाही.

अशा घरात एके दिवशी पट्टी आली.

ती ज्या सरकारी योजनेतून आली तिचं नाव भारदस्त होतं, 'सबळ वार्धक्य योजना'. पट्टी घेऊन आलेल्या योजनेच्या कार्यकर्त्या मुल्ला मॅडम मात्र मुळीच भारदस्त नव्हत्या. तीन मजले चढून त्यांनाच धाप लागली होती. खुर्चीवर बसून पाणी प्यायल्यावर त्यांनी दोन पातळ, पारदर्शक पट्ट्या काढल्या आणि एक अशोकरावांच्या, एक जयश्रीबाईंच्या मनगटावर चिकटवली.

"काटा न्हाई ना ह्यात?" जयश्रीबाईंनी आधीच विचारून घेतलं.

"नाही आजी. वजनाचं युग संपलं," मुल्ला मॅडम म्हणाल्या, आणि दिवसातून अनेकदा सांगून पाठ झालेली गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली.

गोष्ट अशी. शरीराला स्वतःची डागडुजी करायला रोज प्रथिनं लागतात. ती ताटातून मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर शरीर ती आपल्याच स्नायूंमधून काढतं. घरातलं सरपण संपलं की माणूस एक दिवस दाराची चौकट चुलीत घालतो, तसं. तरुणपणी मोडलेली चौकट पुन्हा उभी राहते. साठीनंतर तेवढीच चौकट उभी करायला जास्त लाकूड लागतं, आणि नेमकं त्याच वयात ताटात येतं मऊ, गोड आणि पिठूळ. त्यातून होते चरबी. ती स्नायूंच्या धाग्याधाग्यांत जाऊन बसते, रिकामी झालेली जागा भरून काढते, आणि बाहेरून माणूस खाऊन-पिऊन सुखी दिसतो. काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. तो दोन्हींना एकाच तराजूत घालतो.

पट्टीला तो फरक कळायचा. स्नायू झिजतो तेव्हा त्याचा बारीक चुरा रक्तात येतो आणि रक्तातून घामात उतरतो. पट्टीच्या आतल्या बाजूला त्या चुऱ्याचे कण नेमके अडकतील अशा रेणूंचे सापळे लावलेले होते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त इथं शीत म्हणजे घामाचा थेंब. किती मोडतंय आणि किती बांधलं जातंय याचा हिशेब करून पट्टी एकच गोष्ट सांगायची: स्नायूंचं वय.

पंधरा दिवसांनी निकाल आला. अशोकरावांच्या स्नायूंचं वय अडुसष्ट निघालं. ते दिवसभर बाह्या वर करून हिंडले. जयश्रीबाईंचं निघालं शहाऐंशी. त्याच्याखाली लाल अक्षरांत एकच शब्द होता: कुपोषित.

सूरजनं तो शब्द तीनदा वाचला आणि मग तो हसायला लागला. "आई आणि कुपोषित! मशीन बिघडलंय गं."

जयश्रीबाई हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांची बाजू घेतली होती. माणसानं नाही, एका चिकटपट्टीनं का होईना. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. "हसतोस काय? गेली कित्येक वर्सं मी सांगायलीय की माझ्यात ताकद न्हाई. तवा सगळे माझ्या पोटाकडं बघत हुता!"

स्नेहलचं मात्र धाबं दणाणलं. ती बालवाडीत शिकवायची. उद्या शाळेत कळलं की सासू सरकारदरबारी कुपोषित, तर लोक काय म्हणतील? "सुनेनं उपाशी ठेवलं म्हणतील, आत्या," ती म्हणाली. सासूला आत्या म्हणायची तिकडची पद्धत. "कोण विचारणार हाय की तुम्ही काय खाता नि कवा खाता?"

"मग तूच विचारायचं हुतंस," जयश्रीबाई फाडकन बोलून गेल्या. स्नेहल स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरातच वाजली.

मुल्ला मॅडमनी पुढचा नियम समजावून सांगितला. योजनेतून रोज संध्याकाळी एक अन्नपेटी येईल. त्यात सगळ्या घराला पुरेल एवढी डाळ, उसळ, अंडी किंवा पनीर असेल. फक्त पेटीला दोन झाकणं असतील. छोटं झाकण आजींच्या वाटीचं, ते आधी उघडेल. आजींनी जेवायला सुरुवात केली, प्रथिनं रक्तात उतरली आणि पट्टीला कळलं, की मगच बाकीच्यांचं मोठं झाकण उघडेल. असं तीन महिने चालेल. तोवर स्नायूंचं वय खाली आलं नाही, तर घरची सोय अपुरी समजून आजींना शहराबाहेरच्या जोपासना केंद्रात हलवण्यात येईल.

"म्हणजे मला घरातनं उचलणार?" जयश्रीबाईंनी विचारलं.

"तिथं चांगली व्यवस्था असते आजी."

"तिथं माझं स्वयंपाकघर असतंय?"

मुल्ला मॅडम पिशवी आवरायला लागल्या. हे उत्तर त्यांच्या पाठ केलेल्या गोष्टीत नव्हतं.

पेटी कुणी बनवली असेल ते असो, पण त्यानं आयुष्यात ढवळ्यांच्या घरासारखं घर पाहिलेलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळ्या काय खातात ते कुठं माहीत असतं! पहिल्या संध्याकाळी पेटी टेबलावर ठेवली. छोटं झाकण टक्कन उघडलं. आत मटकीची उसळ आणि दोन उकडलेली अंडी, वाफाळती. मोठं झाकण काचेचं, त्यामुळं बाकीच्यांचं जेवण दिसत होतं पण मिळत नव्हतं. जयश्रीबाईंसमोर वाटी, आणि वाटीभोवती चार भुकेलेली माणसं बसलेली, एकटक बघत.

"खा की," अशोकराव म्हणाले.

"खातेय की."

"चावून खा. न्हाईतर उतरायचं न्हाई रक्तात."

"आई, पाणी नको पिऊ मधे, वेळ लागतो."

"आजी, मला भूक लागलीय," ओवी म्हणाली.

घास जयश्रीबाईंच्या तोंडात फिरत राहिला. लग्न होऊन या घरात आल्यापासून नवऱ्याच्या आधी त्यांनी एक शीत तोंडात टाकलं नव्हतं. आणि आता त्या खात होत्या नि नवरा लहान पोरासारखा आ वासून बघत होता. उसळ छान होती. त्यांना ती मातीसारखी लागली. शेवटी कशीबशी त्यांनी अर्धी वाटी संपवली, मोठं झाकण उघडलं, सगळे तुटून पडले, आणि त्या गडबडीत त्यांनी दोन्ही अंडी ओवीच्या ताटात सरकवली.

दुसऱ्या दिवशी त्यांना युक्ती कळली. पट्टीला सगळी वाटी लागत नव्हती. चार घास पोटात गेले की घामात तेवढी खूण उतरायची आणि झाकण उघडायचं. मग चार घास, झाकण, आणि बाकीची वाटी ओवीला नाहीतर सूरजला. भूक लागली तर मागून भात होताच की. घरात सगळे खूश झाले, कारण जेवण लवकर मिळायला लागलं. जयश्रीबाईही खूश होत्या, कारण आता त्यांच्याकडे कुणी टक लावून बघत नव्हतं. पट्टी मात्र खूश नव्हती. ती रोज घाम चाखत होती आणि निमूट नोंद ठेवत होती.

तिसऱ्या महिन्याच्या मध्यावर सूरजच्या फोनवर निरोप आला. स्नायूंचं वय सत्त्याऐंशी. सुधारणा नाही. अखेरची नोंद पंधरा दिवसांनी, त्यानंतर हलवण्याची कार्यवाही.

घरात त्या संध्याकाळी सगळेच एकमेकांवर खेकसत होते. सूरज आईवर चिडला, "तू खात का न्हाईस?" जयश्रीबाई चिडल्या, "खाऊ दिलंत का कधी सुखानं?" अशोकराव पेटीवर चिडले. स्नेहल कुणावरच चिडली नाही, ती पोळ्या लाटत होती. आणि मग अशोकरावांच्यातला जॉबर जागा झाला.

कारखान्यात किती कापड विणलं हे मोजणारं मीटर मागावर असायचं. वेळप्रसंगी ते हातानं पुढं ढकलायची कला अशोकरावांना तरुणपणीच अवगत होती. मोजणारं यंत्र आलं की त्यांचे हात आपोआप शिवशिवायचे. "पट्टीला काय नाव-गाव कळतंय व्हय?" ते म्हणाले. "तिला घाम कळतोय. घाम दुसऱ्याचा द्यायचा."

"कुणाचा?" सूरजनं विचारलं.

"माझा दिला असता, पण माझ्या हातावर माझी हाय. तुला कारखान्यात पट्टी चालत न्हाई. ओवीची वाढ चाललीय, पट्टीला लगेच वास लागंल. मग राहिली कोण?"

सगळ्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. स्नेहल लाटणं हातात घेऊन दारात उभी होती. शेहेचाळीस वर्षांची, गोल चेहऱ्याची, दिवसभर बालवाडीत पोरांमागे धावणारी, आणि घरी आल्यावर घरामागे. हिच्या स्नायूंचं वय शेहेचाळीसच्या आसपास असणार. पट्टी एकदम एवढी घसरली तर संशय येईल, असं सूरजला वाटलं. अशोकरावांनी त्यालाही तोड काढली. निम्मे दिवस हिनं घालायची, निम्मे दिवस तिनं. सरासरी येईल.

"आत्यांना न्यायला नको," स्नेहल एवढंच म्हणाली, आणि तिनं पिठाचा हात पुसून पुढं केला.

पट्टी हाताला बसल्यावर ती परत काढायची म्हणजे रोज उठाठेव. दोन दिवसांनी सरासरीचं सगळे विसरले आणि पट्टी स्नेहलच्याच मनगटावर राहिली. आता संध्याकाळी छोटी वाटी स्नेहलपुढं यायची. जयश्रीबाई कडेच्या खुर्चीवर बसून बघायच्या. बघायला त्यांना दुसरं काही नव्हतंही. स्नेहल उभ्यानंच चार घास खायची, झाकण टक्कन उघडायचं, आणि तिचा हात आपोआप वाटी उचलून ओवीच्या ताटात रिकामी करायचा. मग ती सगळ्यांना वाढायची. मग ओटा पुसायची. मग, सगळं उरकल्यावर, पातेल्यातला भात खरवडून ताटात घ्यायची, त्यावर आमटीचं पाणी, आणि ओट्यालाच टेकून जेवायची.

पहिल्या दिवशी जयश्रीबाईंना त्यात काही वेगळं दिसलं नाही. आठवड्यानं त्यांना अस्वस्थ वाटायला लागलं, पण कशानं ते कळेना. एकदा स्नेहलनं बरणी पुढं केली, "मामा, एवढं झाकण उघडून द्या की," असं सासऱ्याला म्हणाली, आणि जयश्रीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. तरी त्यांनी मनाला समजावलं, बरणीच नवी आहे, झाकण घट्ट असेल.

पंधराव्या दिवशी रविवार होता. सकाळीच सूरजचा फोन वाजला. तो वाचून सूरज जागच्या जागी उडालाच.

"पप्पा! एकाहत्तर! आईचं वय एकाहत्तर आलं! बरोबर खऱ्या वयाला येऊन टेकलं!"

अशोकरावांनी टाळी दिली. "बघ! सरासरी म्हटलं नव्हतं? कुणाला संशय येणार न्हाई आता. न जास्त, न कमी!"

"आणि खाली हिरव्या अक्षरांत लिहिलंय, अभिनंदन!"

बाप-लेक पेढे आणायच्या गोष्टी करायला लागले. जयश्रीबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. स्नेहल तिथं उभी होती आणि तिनं डावं मनगट उजव्या हातानं झाकलं होतं, चटका बसल्यासारखं. दोघींची नजरानजर झाली. सरासरी नव्हतीच. पट्टी जयश्रीबाईंच्या हातावर दोन दिवसांपलीकडे आलीच नव्हती. ते एकाहत्तर वर्षांचे स्नायू शेहेचाळीस वर्षांच्या स्नेहलचे होते.

दोन शहाण्या बाप्यांना मिळून एक साधी वजाबाकी येईना, याचा जयश्रीबाईंना भयंकर संताप आला.

"आत्या, काही बोलू नका," स्नेहल हळूच म्हणाली. "संकट टळलंय. तुम्ही घरी राहणार. माझं काय, अजून वय हाय."

"माझं पण हुतं," जयश्रीबाई म्हणाल्या.

आयुष्यभर जयश्रीबाईंना वाटत आलं होतं की आपल्याला कुणीतरी उपाशी ठेवलं. आधी सासूनं, मग नवऱ्यानं, मग महागाईनं, मग या अर्धा चमचा साखर घालणाऱ्या सुनेनं. आता त्यांना दिसत होतं की त्यांच्या डोळ्यांसमोर वीस वर्षं एक बाई त्यांच्यासारखीच भांड्याचं बूड खरवडत होती, आणि त्यांनी कधी तिला 'जेवलीस का' म्हणून विचारलं नव्हतं. "मग तूच विचारायचं हुतंस," असं तिला मात्र सुनावलं होतं. लाज वाटली, आणि जयश्रीबाईंची रीत अशी की लाज वाटली की त्याचाही राग यायचा.

सोमवारी मुल्ला मॅडम अभिनंदनाची शाल घेऊन तीन मजले चढून आल्या. अशोकरावांनी स्वागत केलं, सूरजनं रजा काढली होती, पेढ्याचा पुडा टेबलावर होता. स्नेहलनं पट्टी काढून सासूच्या मनगटावर लावून दिली होती. मुल्ला मॅडमनी शाल उलगडली.

"थांबा," जयश्रीबाई म्हणाल्या. "हे वय माझं न्हवं. माझ्या सुनंचं हाय."

अशोकराव खोकले. सूरज उठून उभा राहिला. "आई, काय बोलायलीस?"

"खरं बोलायलीय. पट्टी हिच्या हातावर हुती. यांची आयडिया, जन्मभर मीटर ढकलत आलेत. आणि तू पेढे आणलेस. कशाचे पेढे रे? तुझी बायको शेहेचाळीसची हाय आणि तिचे हात-पाय माझ्या वयाचे झालेत. त्याचे पेढे?"

सूरजचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यानं बायकोकडे बघितलं, मग फोनमधल्या हिरव्या अक्षरांकडे, मग पुन्हा बायकोकडे. तो खाली बसला. त्या अख्ख्या घरात मोठ्या माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट उतरताना इतकी स्पष्ट कधी दिसली नव्हती.

मुल्ला मॅडमनी शाल पुन्हा घडी केली. त्या रागावल्या होत्या, आणि थकल्याही होत्या. "आजी, गप्प बसला असता तर काही झालं नसतं. निम्म्या घरांत पट्ट्या बदलतात, आम्हाला काय कळत नाही? आता मला हे वर कळवावं लागणार."

"कळवा की. कळवायलाच सांगितलं. हिचं नाव घाला योजनेत."

"साठीच्या आतल्यांना योजनेत जागा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे साठी झाल्यावर नोंद करायची."

"मोडल्यावर या म्हणा की सरळ!" जयश्रीबाईंचा आवाज चढला. "भिंतीला ओल लागली तवा बघायचं न्हाई. भिंत पडली की शाल घेऊन यायचं. वा रे योजना!"

मुल्ला मॅडमनी नकळत स्वतःच्या मोकळ्या मनगटावरून अंगठा फिरवला. दिवसभर त्या लोकांना पट्ट्या लावत हिंडायच्या. स्वतःला लावून त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"तुम्हाला सहा आठवडे वाढवून देते," अखेर त्या म्हणाल्या. "तेवढंच माझ्या हातात आहे. या वेळी पट्टी काढली तर मी काही करू शकणार नाही. तुम्हाला जावं लागेल." पेढा न घेताच त्या उतरून गेल्या. खालपर्यंत त्यांच्या चपलांचा आवाज येत राहिला.

"झालं समाधान?" अशोकराव करवादले. "हातातोंडाशी आलेला घास घालवलास."

"घास?" जयश्रीबाई म्हणाल्या. "घासाचं मला सांगू नका."

त्या संध्याकाळी पेटी आली. सवयीनं चौघं टेबलाभोवती जमली आणि स्नेहल ओट्यापाशी गेली. छोटं झाकण टक्कन उघडलं. डाळ-मेथी आणि दोन अंडी. जयश्रीबाईंनी ताट पुढं ओढलं आणि हाक मारली, "स्नेहल, इकडं ये. बस."

"तुम्ही बसा आत्या, मी पोळ्या टाकते गरम."

"सूरज टाकंल."

"मी?" सूरज म्हणाला. "मला पोळ्या येत न्हाईत."

"पडद्यावर माग चालवतोस, पोळी चालवता येईना? वातड झाली तरी चालंल. ह्यांचे दात मजबूत हायत, अडुसष्टचे."

स्नेहल अवघडून खुर्चीच्या कडेवर बसली, कुणीतरी लगेच उठवणार असल्यासारखी. जयश्रीबाईंनी एक अंडं तिच्या ताटात ठेवलं. एक स्वतः घेतलं. आयुष्यभर त्यांनी सासूपणा गाजवला नव्हता असं नाही, पण त्याचा एवढा चांगला उपयोग त्यांना आजवर सुचला नव्हता. "खा," त्या दरडावून म्हणाल्या. "सगळं. ओवीला द्यायचं न्हाई. ओवीला आपल्यामागनं मिळंल."

"आत्या, मला न्हाई जाणार सगळे बघत असताना."

"मला पण जात न्हाई. म्हणून तर तुला बसवलंय."

दोघी खायला लागल्या. घास तोंडात फिरला, अडला, गेला. ओवी टेबलावर हनुवटी टेकून मोठ्या झाकणाकडे बघत होती. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला आणि सूरजची एक शिवी ऐकू आली. स्नेहल सवयीनं उठायला गेली. जयश्रीबाईंनी तिचं मनगट धरलं. त्या धरण्यात जोर काहीच नव्हता. स्नेहलनं हात सोडवून घेतला असता तर सहज सुटला असता. पण ती परत बसली.

मोठं झाकण टक्कन उघडलं. अशोकरावांचा हात पेटीकडे गेला.

"हात मागं," जयश्रीबाई म्हणाल्या. "अजून आमचं झालं न्हाई. हिला डाळ वाढा आधी."

अशोकराव डाव हातात घेऊन उभे राहिले. पन्नास वर्षांच्या संसारात डाव धरायचा कसा हे त्यांना बघूनच माहीत होतं. त्यांनी स्नेहलच्या वाटीत डाळ घातली, थोडी टेबलावर सांडली, मग बायकोच्या वाटीत घातली. तिनं खूण केली तशी आणखी घातली. मग त्यांनी पेटीत वाकून बघितलं आणि न राहवून विचारलं, "आणि आम्ही काय खायचं?"

जयश्रीबाईंनी अंड्याचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. नीट चावला, गिळला, आणि मग सांगितलं.

"उरंल ते."